पांढरा वेली गुलाब नुसता उंच वाढतोय, फुलं फक्त शेंड्याला. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गुलाबवाल्यांची मदत हवीये.

तीन वर्षांपूर्वी क्लाइंबिंग आइसबर्गचं कलम लावलं, जमिनीतच, भिंतीपासून दीडेक फूट सोडून. ऊन सहा तास तरी मिळतं. वाढीबद्दल तक्रारच नाही, दहा फुटांवर गेलाय, पण फुलं सात-आठ आणि ती सगळी पार वर, मान दुखेपर्यंत बघायची. डोळ्यांसमोर नुसत्या काड्या.

मी काय केलं ते पण सांगते म्हणजे चूक पकडता येईल. नवी फांदी निघाली की सरळ वर जाळीला बांधत गेले, कारण वेल म्हटलं की वर चढणार असंच डोक्यात (गुलाबाला धरायला तणावे नसतात, आपणच बांधायचं असतं, हे लावल्यावर कळलं!). मग कुणीतरी सांगितलं आडव्या बांध, म्हणून रविवारी एक जाड फांदी वाकवायला गेले तर कट्टकन आवाज आला आणि बुडाशी उभी चिरली. सुतळीने घट्ट गुंडाळून ठेवलीये, पानं अजून तरी ताजी आहेत. ती ठेवू का काढू?

दुसरं म्हणजे कलमाच्या जोडाखालून एक पोपटी फूट आलीये, जोरात वाढतेय, एका देठावर सात छोटी पानं, बाकी झाडाला पाच. ही जंगली, म्हणजे ज्या खुंटावर कलम बांधलंय त्याची का? आणि सगळंच गुडघ्यापर्यंत छाटून नव्याने सुरुवात केली तर?

प्रतिसाद १
छाटू नका हो ताई! आइसबर्ग मुळात झुडूप, १९५८ चं, त्याचीच एक फांदी लांब वाढत सुटली आणि १९६८ मध्ये हा वेली प्रकार आला. असे गुलाब लहानपणी खूप छाटले तर परत झुडपासारखे वाढायला लागतात. मुख्य फांद्या ठेवा, फूल येऊन गेलेल्या बाजूच्या फांद्या फक्त दोन-तीन डोळ्यांवर (नवी फूट जिथून येते ते उंचवटे) आणा.
फांदी उभी असली की सगळा जोर शेंड्याला जातो, आडवी केली की मधले डोळे जागे होतात. पण जुनी लाकूड झालेली वाकत नाही, यंदाची हिरवी लवचिक घ्या, आधी तिरकी बांधा, दोन-तीन आठवड्यांनी अजून खाली. चिरलेली राहू दे, पानं माना टाकतील तेव्हा काढा.

प्रतिसाद २
पानं मोजत बसू नका, जोडाखालून आलीये ना, मग जंगलीच. माती उकरून मुळाशी जिथून निघते तिथून ओढून काढा, वरून कापली तर एकाच्या चार होतील.

धागाकर्ती
काढली, हातमोजा फाटला पण बुडासकट आली. दोन हिरव्या फांद्या तिरक्या बांधल्यात, जुन्या पायजम्याच्या नाडीने, सुतळी सालीत रुतत होती. चिरलेलीची खालची दोन पानं आज पिवळी दिसतायत, हे तेच का?