बुरशीचं गवत भिजवून घालू नका
पागेतलं बुरशी आलेलं गवत भिजवून घोड्याला घाला, असा सल्ला कुणी दिला तर तो कृपया पाळू नका. भिजवल्याने धूळ बसते, बुरशीचं विष तसंच राहतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे असं काही पोटात गेलं की पोटशूळ थेट जिवावर बेततो. मुंबईच्या पावसाळ्यात गठ्ठा वरून छान दिसतो. मधोमध हात घाला, उबदार लागला किंवा कुबट वास आला तर परत पाठवा. गवत कमी म्हणून चंदी (घोड्याचा दाणा) वाढवणं तर फारच घातक! ४०० किलोच्या घोड्याला रोज किमान ६ किलो कोरडा चारा लागतोच. पागावाले ऐकत नसतील तर घोडेमालकांनी मिळून चांगलं गवत मागवा, गठ्ठे भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचा आणि घोड्याला जुन्या, बुरशी नसलेल्या गवतावरून नव्यावर आठ-दहा दिवसांत हळूहळू आणा.