खाद्यातल्या बुरशीमुळे लस लागत नाही: सेलेनियम, झिंक द्यावे का? सल्ला हवा

मकाभरडा
नमस्कार मंडळी. ब्रॉयलरची बॅच आहे, आज 24वा दिवस. सलग दुसऱ्या बॅचला राणीखेत या विषाणूरोगाची लस वेळेवर देऊनही रक्ततपासणीत टायटर, म्हणजे लसीने बनणाऱ्या प्रतिपिंडांचे प्रमाण, फारच कमी आले. लस बर्फात आणली, पाण्यात क्लोरीन नव्हते, तिथे चूक दिसत नाही. डॉक्टरांनी मेलेले चार पक्षी उघडले. यकृत फिकट पिवळे आणि सुजलेले, बर्सा (शेपटीजवळची रोगप्रतिकाराची ग्रंथी) वयाच्या मानाने लहान, मांडीच्या मांसात रक्ताचे डाग. त्यांचा पहिला प्रश्न होता, मका कुठे ठेवता? गोणी उपसल्या तर खालच्या थरात कुबट वास आणि दाण्यांच्या गाठी.

नमुना तपासणीला दिलाय, निकाल यायला वेळ आहे. तोवर एक जण म्हणतो पाण्यातून सेलेनियम सोडा, दुसरा म्हणतो झिंक वाढवा, तिसरा म्हणतो बेंटोनाइट घाला, तेही खनिजच आहे. तीन सल्ल्यांत माझा गोंधळ झालाय. काय द्यावे, किती आणि किती दिवस?

पेंडवाला
दादा, आधी एक सांगा, नमुना कसा काढला? एकाच गोणीतून मूठभर काढला असेल तर निकालावर भरवसा ठेवू नका. बुरशीने सोडलेले विष सगळ्या ढिगात सारखे पसरलेले नसते. एका कोपऱ्यात भरपूर असते, हातभर अंतरावर काहीच नसते. निदान दहा-पंधरा गोण्यांतून, वरून, मधून, तळातून थोडे थोडे काढा, एकत्र दळा आणि त्यातले पाठवा. तयार खाद्याचाही नमुना द्या. आणि फक्त अफ्लाटॉक्सिन हे एकच बुरशीचे विष तपासू नका, टी-2 आणि ऑक्राटॉक्सिन ही दुसरी विषेही लिहून द्या.

यकृतरक्षक
मी पशुवैद्यक आहे, खाद्याच्या कामात बरीच वर्षे गेली. तुमचा गोंधळ साहजिक आहे, कारण 'खनिज' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. बेंटोनाइट, झिओलाइट, एचएससीएएस (एक प्रक्रिया केलेले सिलिकेट) ही माती. ती आतड्यातच विष धरते, रक्तात जाऊ देत नाही आणि विष्ठेवाटे बाहेर नेते. सेलेनियम, झिंक, मँगनीज, तांबे ही पोषक खनिजे. ती विष धरत नाहीत. विष शरीरात शिरल्यावर पेशींची जी नासधूस होते, ती आवरणाऱ्या यंत्रणेचे ते भाग आहेत.

ती नासधूस कशी होते ते समजले की मात्रा आपोआप कळते. अफ्लाटॉक्सिन बी-1 यकृतात गेले की यकृताचीच एन्झाइमे त्याचे एका अतिशय घातक रूपात रूपांतर करतात. ते डीएनएला आणि प्रथिनांना चिकटते आणि प्रथिने तयार होणे मंदावते. प्रतिपिंड म्हणजे प्रथिनेच. शिवाय बर्सा आणि थायमस (मानेतली रोगप्रतिकाराची ग्रंथी) आक्रसतात, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या आणि त्यांना मदत करणाऱ्या पेशी जिथे घडतात तो कारखानाच लहान होतो. तुमची लस चांगली होती, तिला उत्तर द्यायला शरीरात माणसे नव्हती. मांडीतले रक्ताचे डागही त्याच कारणाने, गोठण्याची प्रथिने यकृतात कमी पडतात.

या घातक रूपाला ग्लुटाथायोन हे पेशींतले संरक्षक द्रव्य पकडते आणि निकामी करते. त्या गडबडीत तयार होणारी पेरॉक्साइडे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे एन्झाइम साफ करते, आणि त्याच्या गाभ्याशी सेलेनियम असते, हे 1973 साली सिद्ध झाले. झिंक आणि तांबे एका सुपरऑक्साइड डिसम्युटेजला (हेही पेशी वाचवणारे एन्झाइम) लागतात, मँगनीज दुसऱ्याला. थायमसचे थायम्युलिन हे संप्रेरकही झिंकशिवाय काम करत नाही. म्हणून ही खनिजे कमी असतील तर तेच विष जास्त मारते. पुरेशी असतील तर पक्षी तग धरतो. पण 'पुरेशी'च्या वर ओतत गेल्याने ढाल जाड होत नाही, हे मी कळवळून सांगतो, कारण घाबरून मात्रा दुप्पट केलेले फार पाहिले.

ग्लुटाथायोनला कच्चा माल गंधकयुक्त अमिनो आम्लांचा लागतो. त्यातले मेथिओनिन कमी पडले तर सेलेनियम कितीही द्या, काम अडते. विषबाधेत मेथिओनिनची गरज वाढते. तुमच्या खाद्यात सध्या किती आहे ते पाहा. सोबत ई जीवनसत्त्व, कारण ते आणि सेलेनियम जोडीने काम करतात.

मकाभरडा
डॉक्टर, मनापासून आभार. आकड्यांत सांगाल का? प्रीमिक्सच्या (खाद्यात घालायच्या खनिज-जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणाच्या) चिठ्ठीवर सेलेनियम किलो खाद्यामागे 0.3 मिलिग्राम लिहिले आहे. पाण्यात घालायच्या सेलेनियमच्या टॉनिकची मात्रा पाळली तर लिटरमागे 0.1 मिलिग्राम पडते.

यकृतरक्षक
ब्रॉयलर खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितात. म्हणजे लिटरमागे 0.1 हे किलो खाद्यामागे 0.2 झाले. एकूण 0.5. मूळ गरज 0.15 मिलिग्रामच्या आसपास धरतात. अमेरिकेत मिसळण्याची मर्यादा 0.3 आहे, युरोपात एकूण 0.5. गरमीत पाणी जास्त पिले की तुम्ही त्यावर जाल. सेलेनियम हे गरज आणि विषारीपणा यांच्यात कमी अंतर असलेले खनिज आहे. त्यामुळे टॉनिक सोडायचे असेल तर चार-पाच दिवसच, आणि तेवढ्यापुरते दुसरे कोणतेही सेलेनियमयुक्त औषध नको. आधीच 0.3 असेल तर मी टॉनिकऐवजी ई जीवनसत्त्व वाढवायला सांगेन.

झिंकची किमान गरज 40 मिलिग्राम आहे, मँगनीजची 60. बहुतेक प्रीमिक्स त्याच्या वर असतातच. मका-सोयाच्या खाद्यात दाण्यांतलेच फायटेट हे द्रव्य झिंकला बांधून ठेवते. म्हणून पैसा लावायचाच असेल तर जास्त झिंक टाकण्यापेक्षा अमिनो आम्लाशी जोडलेले झिंक घ्या, ते जास्त शोषले जाते.

अंडीसंसार
माझा अनुभव लेअरचा (अंड्यांच्या कोंबड्यांचा) आहे, आणि तो मकाभरडा भाऊंनी वाचावा म्हणून लिहितेय. आमच्याकडे लिटर (कोंबड्यांखाली अंथरलेला भुसा) कायम ओले, पक्षी पाणी फार पीत आणि अंडी घटली. मी बेंटोनाइट वाढवत गेले, महिनाभर. फरक शून्य. नंतर तपासणीत निघाले ऑक्राटॉक्सिन, ते मूत्रपिंडावर जाते. बेंटोनाइट अफ्लाटॉक्सिनवर फार छान चालते, कारण त्याचा चपटा रेणू मातीच्या थरांत बसतो. ऑक्राटॉक्सिन, टी-2, डॉन (आणखी एक बुरशीचे विष) यांच्यावर ती जवळजवळ निरुपयोगी. टी-2 असेल तर चोचीच्या आत, जिभेच्या कडेला पिवळट खपली दिसते, रोज दोन-चार पक्ष्यांची तोंडे उघडून बघत जा. कोणते विष आहे हे न कळता बाइंडर (विष धरणारा पदार्थ) विकत घेऊ नका, हीच माझी कळकळीची विनंती.

पेंडवाला
ताईंचे अगदी बरोबर. एक जोड: बेंटोनाइट घालताय आणि खाद्यात रॉबेनिडिन हे कॉक्सिडियोस्टॅट (रक्ती हगवण रोखणारे औषध) असेल किंवा टायलोसिनसारखे मॅक्रोलाइड अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकत्र देऊ नका. माती औषधालाही धरते.

नवखुराडे
मका उन्हात वाळवला आणि बुरशीचे दाणे वेचून काढले तर चालेल का? आमच्याकडे खाद्याच्या पेलेट (वाफेवर दाबून केलेल्या गोळ्या) बनवतो, त्या उष्णतेत विष मरत नाही का?

यकृतरक्षक
नाही मरत. अफ्लाटॉक्सिन उष्णतेला फार चिवट आहे, पेलेटच्या तापमानाला त्याला काही होत नाही. वाळवल्याने पुढची बुरशी थांबते, आधीचे विष राहते. प्रोपिऑनिक आम्लाचेही तेच, ते बुरशी रोखते, विष नष्ट करत नाही. म्हणून ओल 13 टक्क्यांच्या खाली असतानाच मका साठवायचा, जमिनीला आणि भिंतीला न लावता. तुटके दाणे आणि भुसा चाळून काढणे मात्र खरोखर उपयोगी आहे, विष त्यातच जास्त असते. नुसते डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की मेल्या. शेवटी धागा शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन सापडले. बदकाची पिल्ले तर त्याहून नाजूक. कोंबडी थोडी सोसते, म्हणून आपल्याला उशिरा कळते.

मकाभरडा
निकाल आला. मक्यात अफ्लाटॉक्सिन 90 पीपीबी (किलोमागे मायक्रोग्राम), तयार खाद्यात 52. खाद्यात मका 57 टक्के, हिशेब जुळतो. टी-2 आणि ऑक्राटॉक्सिन मोजण्याच्या मर्यादेखाली. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामकाची कोवळ्या प्राण्यांसाठीची पातळी 20 आहे असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे आम्ही अडीचपट वर होतो.

तो मका बंद केला, पक्ष्यांना नवा तपासलेला मका सुरू केला. बेंटोनाइट टनामागे 5 किलो, मिक्सरमध्ये नीट मिसळून. खाद्यात रॉबेनिडिन नाही, खात्री करून घेतली. सेलेनियम प्रीमिक्समधले 0.3 तसेच ठेवले, टॉनिक परत केले. ई जीवनसत्त्व आणि मेथिओनिन डॉक्टरांच्या सांगण्याने वाढवले, झिंक जोडलेल्या प्रकारातले घेतले.

एक शंका उरली. या पक्ष्यांना आता पुन्हा राणीखेतची लस द्यायची का?

यकृतरक्षक
निर्णय घाईने नको. विष खाणाऱ्या पक्ष्याला लस देणे वाया जाते. स्वच्छ खाद्यावर काही दिवस जाऊ द्या, खाणे आणि वजन सुधारले की आधी टायटर काढा. पण तुमच्या बॅचने 24 दिवस ओलांडलेत आणि विक्री जवळ येईल, तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पुढच्या बॅचला मात्र पहिल्या दिवसापासून तपासलेला मका, कारण बर्साची वाढ पहिल्या आठवड्यांतच होते.

मकाभरडा
ठीक आहे. पुढची पिल्ले येण्याआधी गोदामाच्या लाकडी फळ्या उंचावतोय, नवीन मक्याच्या प्रत्येक गाडीची ओल मोजून घेणार. त्या बॅचचे 21व्या दिवसाचे टायटर आले की याच धाग्यावर टाकतो.