लंडनचा पाऊस आणि आमचं म्हसवड

वर कुणीतरी लिहिलंय की लंडनला आपल्यापेक्षा लई पाऊस, तसं नाहीये ओ. तिथं वर्षाला साधारण ६०० मिमी, फक्त बारा महिने भुरभुर चालू असते म्हणून जास्त वाटतो. आमच्या सातारा जिल्ह्यातच बघा, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमीच्या वर, मे संपायच्या आत लोक घराच्या भिंती गवतानं झाकून घेतात, आणि सह्याद्रीनं ढग अडवल्यामुळं इकडं आमच्या म्हसवडच्या माण तालुक्यात जेमतेम ५००. म्हणजे लंडन आणि म्हसवडच्या आकड्यात फार फरक नाही, पण तिथं ऊन कमी, ओल टिकते, आणि आमच्या मामांची बाजरी पंधरा दिवस उघडीप मिळाली की डोळ्यादेखत पिवळी पडते. बघून जीव तुटतो.