बॅनर कोण धरतं ते राहू द्या, डोळ्यात थेंब कोण टाकतं ते विचारा

पऱ्हाटीवाला

‘मूळगाव अंजनगाव’ या भावाची परवाची पोस्ट तीनदा वाचली, अन् तिसऱ्यांदा जेवण गेलं नाही. त्याचं म्हणणं असं: तालुक्याच्या लायन्स-रोटरीसारख्या सेवा क्लबात दुकानदार अन् डॉक्टर एकमेकांना हार घालायला जमतात, खेड्यात येतात ते फोटोपुरते, आणि गावच्या पोरांनी त्यांच्यासाठी राबणं म्हणजे वेठबिगारी. सेवाच करायची तर गावोगाव तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ आहे, तिथं जा.

मी 7 वर्षं अशा क्लबात आहे. दर्यापूर तालुका, 4 एकर कोरडवाहू. वर्गणी भरताना दरवर्षी घरी बोलणी खातो. तरी आहे, आणि का आहे ते सांगतो.

आमचं मुख्य काम मोतीबिंदूचं. गावात ऑपरेशन करायचा जमाना गेला. शाळेत फक्त तपासणी होते, निवडलेले पेशंट गाडीनं दवाखान्यात न्यायचे, एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून परत आणायचे. कागदावर एवढंच. पहिल्या वर्षी आमच्या गावचे 18 जण निवडले गेले. सकाळी गाडी आली तेव्हा चावडीपाशी उभे होते 10. बाकीच्यांच्या घरी मोटरसायकलनं फिरलो. एका म्हातारीच्या दोन शेळ्या, त्यांचं कोण बघणार? एकाचा मुलगा म्हणाला, वेचणी उरकू द्या. एकाला साखर होती, दवाखान्यातून परत पाठवतील म्हणून तो आधीच घाबरला. तिघं म्हणाले, अजून पिकला नाही.

या ‘पिकण्या’नं आमच्या भागात किती डोळे घालवले! लेन्स बसवायला लागल्यापासून मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही. उलट फार पिकला तर कडक होतो, ऑपरेशन अवघड जातं, डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. उन्हाळ्यात करू नये हेही तसंच जुनं. हे माइकवरून सांगून पटत नाही. ओसरीवर बसावं लागतं, आणि ज्याला दिसायला लागलं असा शेजारचा कोणी सोबत न्यावा लागतो.

मग थेंब. महिना-दीड महिना, सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा. शेळ्यावाली आजी एकटी राहते, हात थरथरतो, थेंब डोळ्याऐवजी गालावर. सकाळ-संध्याकाळ मी जायचो, दुपारचे शेजारची सहावीतली पोरगी मधल्या सुट्टीत पळत येऊन टाकायची. धुरापुढं बसू नका म्हणायचं, तर स्वयंपाक कोण करणार? महिनाभर भाकरी माझ्या घरून गेली. अंजनगावच्या भावा, याला वेठबिगारी म्हणतोस?

मूळगाव अंजनगाव

दादा, भाकरी तुमच्या घरून गेली. क्लबाच्या अध्यक्षांच्या घरून नाही गेली. माझं म्हणणं तेच आहे आणि तुम्हीच ते सिद्ध केलं. चांगलं काम तुमचं, नाव क्लबाचं.

मी हवेत बोलत नाही. माझं गाव खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. पाच वर्षांपूर्वी एका क्लबानं खारं पाणी गोड करायचं आरओ मशीन बसवून दिलं. मंडप, बँड, फीत कापली, ओवाळायला गावातल्या बाया. मशीनपेक्षा देणाऱ्यांच्या नावांची पाटी मोठी, आणि ती ग्रॅनाइटची. दीड वर्षात मशीन बंद. पाटी अजून चकचकीत आहे. मी स्वतः त्यांच्याकडे दोनदा गेलो. पहिल्या वेळी म्हणाले, ते मागच्या अध्यक्षांच्या काळातलं काम. दुसऱ्या वेळी चहा पाजला. दरवर्षी अध्यक्ष बदलतो, दरवर्षी नवा प्रकल्प, जुन्याला वाली नाही. एका वर्षाच्या पदावर पंधरा वर्षांचं काम उभं राहतं का?

खारपाण

आरओचं नाव काढलंच हाय तर आयका. आमच्या गावातबी तसंच झालं. पूर्णेच्या काठी अकोला, अमरावती, बुलढाण्यात जमिनीखालचं पानीच खारं, जेवढं खोल जाल तेवढं खारं. पान्यातल्या क्षाराचा आकडा (लिटरमागं मिलिग्रॅम) 500 च्या आत असला तर चांगला, दुसरा इलाजच नसंन तर 2000 पर्यंत चालवून घ्या असं सरकारी मानक हाय. आमच्या बोअरचं मीटरनं मोजलं तर 3000 च्या वर. असं पानी मशीनात घातलं का पानी गाळनारा पडदा लवकर चोंदते. तो बदलाले पैसे लागते. लाइटबिल लागते. अन् जेवढं गोड पानी निघते त्याच्यासंगं खारं पानीबी निघते, ते नालीत सोडलं का बाजूच्याच्या आंगनात. भांडनं सुरू. हे सारं मशीन देनाऱ्याले मालूम नसते काय? देताना एक कागद तरी लेहा, का पडद्याचा खर्च कोनाचा. नाई लेहला. आमची माय मुतखड्यानं रडते, अन् मशीनच्या खोलीची चाबी कोनापाशी हाय हेच मालूम नाई.

पऱ्हाटीवाला

खारपाण भाऊ, तुमच्या मायच्या दुखण्यावर मी काही बोलू शकत नाही. पण मशीन ग्रामपंचायतीच्या ताब्यात देतात ना? ठराव होतो, सरपंच सही करतात. लाइटबिल ग्रामपंचायतीनं भरायचं असतं. वापरणाऱ्यांनी 20 लिटरच्या कॅनला 5 रुपये द्यायचे ठरलं, तर आठ दिवसांत ‘सरकारी पाण्याचे पैसे कायचे’ म्हणून बोंब. तोटी तोडून कोण नेतं, क्लबवाले? गाव स्वतःची जबाबदारी घेत नाही आणि दोष बाहेरच्याला. पुण्यात बसून लिहिणाऱ्यांना हे सोपं आहे.

मूळगाव अंजनगाव

पुण्यात बसून लिहितो कारण गावात पोट भरत नाही. आणि पुण्यातून दर महिन्याला आईला पाण्याच्या कॅनचे पैसे पाठवतो, ते पाणी तुमच्या क्लबाच्या मशीनमधून मिळायचं होतं. तोटी चोरणारे म्हणून सगळ्या गावाला शिवी देताय, दादा? सात वर्षं सेवा करून हीच नजर आली असेल तर बोलणंच खुंटलं.

निवृत्त मास्तर

दोघांनीही जरा दमानं घ्यावं. मी 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली आणि माझी तक्रार वेगळीच आहे, ती कोणी काढत नाही म्हणून मी काढतो. वह्यावाटप! चौथीपर्यंतची लेकरं 10 वाजता उन्हात बसवायची, पाहुणे येणार साडेबाराला. मग परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाच भाषणं. एक वही घेताना लेकरू कॅमेऱ्याकडे बघतं, देणाराही कॅमेऱ्याकडे बघतो, एकमेकांकडे कोणी बघत नाही. त्या दिवशीचं गणित बुडालं ते बुडालंच. मी एकदा पाहुण्यांना सांगितलं, वह्या कार्यालयात ठेवून जा, मी वाटतो. पुढच्या वर्षी त्यांनी शाळाच बदलली.

आपल्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला गाडगेबाबा जन्मले. गावात पाय ठेवला की आधी हातात खराटा, कीर्तन रात्री. कोणी सत्काराला उभं राहायच्या आत रस्ता झाडून व्हायचा. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं, तिथून सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई गावोगाव गेली. ही आपली रीत. पण अंजनगावकर, तुम्ही सेवा मंडळाकडे बोट दाखवलं म्हणून मलाही कबूल करावं लागतं, आमच्या गावच्या मंडळात संध्याकाळच्या प्रार्थनेला आता सात-आठ जण असतो, आणि त्यात साठीच्या आतला एकच. पोरं तिथंही येत नाहीत. तेव्हा इथं जाऊ नका, तिथं जा, असं सांगताना तिथं कोण उरलंय तेही बघावं.

गावची आशा

मास्तर, दादा, भाऊ, तुमचं सगळ्यांचं वाचलं. आता माझं वाचा.

शिबिराच्या आधी यादी कोण करतं? मी. कोणाला दिसत नाही, कोणाला बीपी आहे, कोणाचं आधार कार्ड लेकाकडे नागपुरात आहे, हे क्लबाला कसं कळणार? 212 घरं पायी फिरून मी नावं काढते. शिबिराच्या दिवशी पेशंटला हाताला धरून मी आणते. आणि स्टेजवर काम काय, तर पाहुण्यांना ओवाळा. एका वर्षी मी ताट खाली ठेवलं, म्हटलं मला रजिस्टर लिहायचंय. तर एक पदाधिकारी म्हणे, ताई, मग स्वागत कोण करणार? तिथं सात पुरुष रिकामे उभे होते.

लायन्समध्ये बायांना सभासद व्हायची मुभा 1987 मध्ये मिळाली, रोटरीत 1989 मध्ये. इतकी वर्षं झाली, अजून आमच्या भागात बाई म्हटली की आरतीचं ताट. पोलिओचं उदाहरण नेहमी देतात. रोटरीनं 1985 पासून त्यात पैसा आणि माणसं लावली, ते खरंच मोठं काम. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, 2014 मध्ये आपण पोलिओमुक्त झालो. पण दाराला खडूनं खुणा करत, बूथवर न आलेलं लेकरू शोधत वावरात गेल्या त्या अंगणवाडीच्या बाया आणि आम्ही. पऱ्हाटीवाले दादा, तुमच्या गावच्या शेळ्यावाल्या आजीचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं होतं, आठवतं का?

पऱ्हाटीवाला

ताई, आठवतं. आमच्या गावच्या आशाताईनंच सांगितलं होतं. शेळ्याही 2 दिवस तिनंच बांधल्या होत्या. वर लिहायचं राहिलं, ही माझी चूक.

झाडीपट्टी

पाण्यावरून मारामारी चालली आहे म्हणून मध्ये येते. मी गडचिरोलीकडची. माझ्या लहान भावाला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. मला क्लब, मंडळ, बॅनर यातलं काही वाईट वाटत नाही, मला फक्त तारखा वाईट वाटतात.

15 ऑगस्टला रक्तदान शिबिर, 2 ऑक्टोबरला शिबिर, नेत्याच्या वाढदिवसाला एका तालुक्यात तीन-तीन. लाल पेशी थंड कपाटात 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम 5 दिवस. म्हणजे ऑक्टोबरचं रक्त दिवाळीनंतर संपलं. आणि मे महिन्यात, पारा 45 च्या वर, कॉलेजला सुट्ट्या, पोरं लग्नांत, तेव्हा एक शिबिर दिसत नाही. भावाला रक्त लागलं ते नेमकं मे महिन्यातच. सिकलसेलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीत पैसे लागत नाहीत, पण कपाटात पिशवीच नसेल तर फुकट काय नि विकत काय. वडील आणि मी 2 दिवस फोन करत होतो. शेवटी देसाईगंजहून एक अनोळखी मुलगा बसनं आला, रक्त दिलं आणि बिस्किटं घेऊन परत गेला. तो कुठल्या क्लबाचा होता, विचारायचंही सुचलं नाही.

पुरुषाला 3 महिन्यांनी, बाईला 4 महिन्यांनी परत रक्त देता येतं. मग दाते दोन गटांत का वाटत नाहीत? अर्धे फेब्रुवारीत, अर्धे मेमध्ये. वाढदिवस केकवर करा.

मूळगाव अंजनगाव

ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. तारखांचं पटलं. पण हेही मी म्हणतोय तेच झालं ना? तारीख पेशंटची गरज बघून नाही, प्रसिद्धी बघून ठरते.

पऱ्हाटीवाला

ठरते. हो, ठरते. आमच्या क्लबातही ठरते, मीही त्या बैठकीत बसलेलो असतो आणि गप्प असतो. मे महिन्याचं मी मांडीन. मंजूर होईलच असं सांगत नाही.

आणि तोटीचं मी रागात लिहिलं, ते मागे घेतो. ग्रामपंचायतीची जबाबदारी मात्र मागे घेत नाही. देणाऱ्यानं देताना पडद्याचा आणि दुरुस्तीचा करार करावा, हे खारपाण भाऊंचं बरोबर. पण करारावर दुसरी सही गावाचीच लागेल.

पण अंजनगावच्या भावा, एक सांग. क्लबाची गाडी नसती तर त्या 10 जणांना मी मोटरसायकलवर नेलं असतं का? डॉक्टर, लेन्स, औषध, मुक्काम, जेवण, हे एकट्या माणसाच्या चांगुलपणावर होत नाही. भाकरी माझी, ठीक. ऑपरेशन माझ्या बापाच्यानं झालं नसतं.

मूळगाव अंजनगाव

बरं. लिहायचं नव्हतं, पण लिहितो. माझ्या आत्याचा डावा डोळा अशाच शिबिरात झाला. आता सुईत दोरा ओवते. उजवा राहिलाय, दुसऱ्या डोळ्याला परत कोणी आलं नाही, त्याचा राग माझ्या पोस्टमध्ये होता. तरीही आरओबद्दलचा माझा एक शब्दही कमी होत नाही.

तुमचं पुढचं शिबिर कधी आहे? मी 10 दिवस गावी असेन. बॅनर धरणार नाही, फोटोत उभा राहणार नाही. थेंब टाकायचं काम असेल तर 4 घरं माझ्याकडे द्या. आत्याचं नाव यादीत घाला.

गावची आशा

भाऊ, यादी क्लबाकडे नसते, आशाकडे असते. तुमच्या गावच्या ताईला आजच फोन करा. आत्याला साखर असेल तर तपासणीच्या आधी गोळ्या चुकवू देऊ नका, नाहीतर परत पाठवतील. आणि 10 दिवसांत थेंब संपत नाहीत. पुढच्या महिन्याभरासाठी कोण, ते जायच्या आधी ठरवून जा.

खारपाण

सारे डोयावर अन् रक्तावर गेले. चांगलंच हाय. पन मशीनच्या खोलीची चाबी कोनापाशी, ते कोनीच नाई सांगतलं. मी उद्या ग्रामपंचायतीत जाऊन इचारतो, अन् तठी नसंन तर पाटीवर ज्याइचे ज्याइचे नावं हायत त्याइच्या दुकानात एकेकाच्या जातो. नावं 11 हायत.