वाट सी चुमचा बुद्ध: हा जीर्णोद्धार की नवी मूर्ती?

धागाकर्ता:
थायलंडमधील सुखोथाई येथील वाट सी चुम मंदिरात भूमिस्पर्श मुद्रेतील (उजव्या हाताची बोटे जमिनीकडे वळलेली), सुमारे १५ मीटर उंच ‘फ्रा अचना’ ही बुद्धमूर्ती विराजमान आहे. छप्पर केव्हाच नाहीशा झालेल्या चौकोनी मंडपाच्या उंच, अरुंद फटीतून तो चेहरा दिसू लागतो आणि पाहणारा आपोआप थबकतो. मात्र आज दिसणारे हे रूप बऱ्याच अंशी १९५० च्या दशकातील दुरुस्तीचे आहे. जुन्या छायाचित्रांत विटा उघड्या पडलेली, झिजलेली मूर्ती आहे. तिला आधार देऊन तशीच राखायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. ही मूर्ती अखंड पाषाणाची नसून विटांवर चढवलेल्या गिलाव्याची आहे, आणि गिलावा पावसाने झडणारच. तिच्या उजव्या हाताची लांबसडक बोटे पाहा. भाविकांनी डकवलेल्या सोन्याच्या वर्खाने ती उजळली आहेत. ज्या मूर्तीला माणसे आजही हात जोडतात, तिला भग्नावस्थेत ठेवण्याचा आग्रह आपण दुरून कोणत्या अधिकाराने धरायचा?

धागाकर्ता:
बोटांचा मुद्दा मान्य, पण गिलावा चढवणे वेगळे आणि नाकडोळे नव्याने घडवणे वेगळे. आपल्याकडे वज्रलेपाच्या वेळी नेमका याच भेदावरून वाद पेटतो. शिवाय पूजा हाच निकष असेल, तर मंडपावर छप्पर का घातले नाही?

प्रतिसाद २:
घातले नाही, हे बरेच झाले! थायलंडचीच जुनी राजधानी अयुथ्थया येथील फ्रा मोंगखोन बोफित ही बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती १७६७ च्या ब्रह्मी आक्रमणात विहार जळाल्यानंतर दीर्घकाळ उघड्यावर होती. १९५० च्या दशकात विहार पुन्हा उभा राहिला आणि त्यासाठी ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी देणगी दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तरीही त्या विहारात मूर्ती कोंडल्यासारखी भासते.

प्रतिसाद १:
तिथल्या भाविकांना ती कोंडलेली नव्हे, घरी परतलेली वाटत असेल.

प्रतिसाद ३:
वाद चेहऱ्यापाशीच अडकला आहे. वाट सी चुमच्या जाड भिंतीत एक चिंचोळा जिना आहे. त्याच्या छताच्या शिळांवर जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, कोरलेल्या आहेत आणि त्या शिळांवर कोणी नवा चेहरा चढवलेला नाही. धागाकर्त्यांना हवे असलेले अस्सल काम तिथे आहे. फक्त तो जिना पर्यटकांसाठी बंद आहे.