परतावा मंजूर झाला, तरी पैसे आयातदाराला मिळतीलच असं नाही

आयात शुल्क कोर्टाने रद्द केलं की भरलेली रक्कम आपोआप परत येते, असं बऱ्याच जणांना वाटतं. भारतात तरी तसं होत नाही. परताव्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो, पण खरी अडचण त्याच्यापुढे येते. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांच्या पीठाने 1996 च्या डिसेंबरात स्पष्ट केलं की, शुल्काचा बोजा गिऱ्हाइकावर टाकला असेल तर परतावा आयातदाराला मिळणार नाही. सीमाशुल्क कायद्याचं कलम 28घ तर बोजा पुढे ढकललाच आहे असं गृहीत धरतं. तसं नाही हे आपणच सिद्ध करायचं. नाहीतर रक्कम सरकारच्या ग्राहक कल्याण निधीत जाते.

आमच्या ओळखीच्या एका यंत्रभाग आयातदाराचं असंच झालं. परतावा मंजूर, पण वादातलं शुल्क हिशेबात खर्च म्हणून दाखवलेलं, म्हणजे बोजा गिऱ्हाइकावर टाकला असं मानलं गेलं आणि सगळी रक्कम निधीत गेली. फार वाईट वाटलं, कारण माणूस प्रामाणिक होता. म्हणून कळकळीने सांगतो, वाद सुरू असतानाच ती रक्कम ताळेबंदात ‘येणे’ (परत मिळायची रक्कम) म्हणून दाखवा, विक्रीची बिलं जपून ठेवा आणि बोजा पुढे ढकललेला नाही असं सीएचं प्रमाणपत्र अर्जासोबतच जोडा.