प्रादेशिक वैमानिकांचा प्रस्तावित करार : मंजूर करावा की परत पाठवावा?

मूळ मांडणी (फर्स्ट ऑफिसर, चौथे वर्ष)

अमेरिकेतील एका प्रादेशिक विमानकंपनीत मी एम्ब्रेअर 175 या छोट्या जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. आमच्या युनियनच्या वाटाघाटी समितीने व्यवस्थापनाशी ठरवलेला मसुदा मतदानासाठी आला असून मतदान संपायला दहा दिवस उरले आहेत. मी विरोधात मत देणार आहे. ज्यांचे अजून ठरलेले नाही, त्यांनी पगाराच्या तक्त्यापाशी न थांबता पुढची पानेही वाचावीत, म्हणून हे लिहीत आहे.

मसुदा थोडक्यात असा आहे. मुदत चार वर्षांची आहे. वैमानिकांच्या टंचाईत सुरू झालेल्या तात्पुरत्या वाढीव दरापैकी निम्मा भाग मूळ वेतनश्रेणीत कायम होईल. उरलेला निम्मा एका पुरवणी पत्रात राहील आणि 90 दिवसांची सूचना देऊन व्यवस्थापन तो काढून घेऊ शकेल. महिन्याला किमान 75 तासांच्या पगाराची हमी तशीच राहील. शॉर्ट-कॉल रिझर्व्हवर, म्हणजे ऐनवेळी बोलावण्यासाठी राखीव असताना फोन आल्यापासून दोन तासांत हजर होण्याची अट तशीच आहे, तर लाँग-कॉलच्या, म्हणजे बरेच तास आधी कळवले जाणाऱ्या राखीव जागा ‘कामकाजाच्या सोयीनुसार’ वाढवल्या जातील. दुसऱ्या शहरातून बेसवर, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते त्या विमानतळावर येणाऱ्यांना महिन्यात चार रात्री हॉटेल मिळेल. आणि उड्डाणाचे एक हजार तास पूर्ण झालेल्या फर्स्ट ऑफिसरला कॅप्टनपद घ्यावेच लागेल, त्याला नकार देता येणार नाही.

‘चार वर्षे’ या शब्दांवर कोणी फार विसंबू नये. 1926 चा रेल्वे कामगार कायदा 1936 पासून विमानकंपन्यांनाही लागू आहे आणि त्याखालील करार मुदत संपली म्हणून संपत नाही. तो फक्त दुरुस्तीसाठी खुला होतो आणि नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाने वाटाघाटी थांबल्याचे मान्य करून दोन्ही बाजूंना मोकळे केल्याशिवाय, आणि त्यानंतरचे 30 दिवस उलटल्याशिवाय, संप करता येत नाही. म्हणजे आज मान्य केलेले रिझर्व्हचे नियम आपल्याला सहा-सात वर्षेही पाळावे लागू शकतात, आणि ज्या पैशाकडे बघून आपण होकार देणार आहोत, त्यातला मोठा वाटा मात्र तीन महिन्यांत जाऊ शकतो.

प्रतिसाद 1 (कॅप्टन, अकरावे वर्ष)

कायद्याबद्दल तुम्ही लिहिलेले बरोबर आहे. पुरवणी पत्राचे कलम मलाही खटकते. तरीही मी बाजूने मत देणार आहे, कारण आपण नेमके कोणाशी भांडत आहोत हे तुमच्या मांडणीत आलेले नाही.

आपली कंपनी तिकिटे विकत नाही, मार्ग ठरवत नाही आणि भाडेही ठरवत नाही. ज्या मोठ्या कंपनीच्या नावाने आपण उडतो, ती आपल्याकडून उड्डाणे विकत घेते आणि त्यांचे पैसे ठरलेल्या दराने देते. आपला खर्च वाढला तर पुढच्या खरेदीच्या वेळी तीच उड्डाणे दुसऱ्या प्रादेशिक कंपनीकडे वळवणे तिला अवघड नाही. 2013 मध्ये पीएसए या प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकांनी व्यवस्थापनाला सवलती देणारा करार स्वीकारला आणि त्यांच्याकडे नवी सीआरजे-900 विमाने आली. 2014 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या अमेरिकन ईगलच्या वैमानिकांनी तसाच प्रस्ताव फेटाळला, आणि त्यानंतर त्यांचा ताफा कमी करण्याची भाषा सुरू झाली. मी तेव्हा नुकताच या व्यवसायात आलो होतो. तोवर एकाच मालकाच्या झालेल्या या दोन कंपन्यांमधील वैमानिक कॉफीच्या रांगेत एकमेकांची नजर टाळत उभे असत, ते अजून डोळ्यांसमोर आहे. डेल्टाच्या मालकीच्या कॉमेअर या प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकांनी 2001 मध्ये 89 दिवस संप केला. 2012 मध्ये ती कंपनीच बंद झाली.

प्रतिसाद 2 (फर्स्ट ऑफिसर, सहावे वर्ष)

कॅप्टनसाहेब, कॉमेअरचा दाखला दर वेळी दिला जातो आणि दर वेळी मधली अकरा वर्षे गाळली जातात. त्या काळात इंधन महागले, 50 आसनी जेट परवडेनासे झाले आणि डेल्टाने स्वतः दिवाळखोरीची प्रक्रिया पाहिली. संपामुळे कंपनी बुडाली असे एका वाक्यात म्हणणे त्या वैमानिकांवर अन्याय करणारे आहे. अमेरिकन ईगलचीही पुढची गोष्ट सांगायला हवी : तीच कंपनी एन्व्हॉय झाली आणि 2015 मध्ये तिच्या ताफ्यातही एम्ब्रेअर 175 आले.

उलट बाजूचा दाखला अलीकडचाच आहे. जून 2022 मध्ये अमेरिकनच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला सुमारे 90 डॉलरवर नेला. तोपर्यंत ‘मोठी कंपनी पैसे देणारच नाही’ हे आपल्याला वर्षानुवर्षे ऐकवले जात होते. माणसे मिळेनात, तेव्हा पैसे निघाले.

प्रतिसाद 1 चे उत्तर

कॉमेअरबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. मी ते घाईने लिहिले. पण 2022 चा दाखला तुमच्या नव्हे, माझ्या बाजूचा आहे. तो पैसा वाटाघाटीतून नव्हे, टंचाईतून आला. आज मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली आहे, फर्स्ट ऑफिसरची वानवा नाही, कमतरता आहे ती कॅप्टनांची. बाजार असा उतरलेला असताना निम्मी वाढ कायमची पदरात पडत असेल, तर ती घ्यावी असे मला वाटते.

प्रतिसाद 3 (फर्स्ट ऑफिसर, दुसरे वर्ष, रिझर्व्ह)

वरचे तिघेही बहुधा लाइन, म्हणजे महिन्याचे ठरलेले वेळापत्रक मिळणारे आहेत, म्हणून रिझर्व्हवरचे एक मत नोंदवतो.

माझे घर एका राज्यात आणि बेस दुसऱ्या राज्यात आहे. सकाळी सहाचा शॉर्ट-कॉल असला की आदल्या संध्याकाळच्या विमानात रिकामी जागा बघून यावे लागते. मग दोन खोल्यांच्या क्रॅश-पॅडमध्ये, म्हणजे वैमानिक रात्रीपुरते राहतात त्या सामायिक भाड्याच्या घरात, आठ जणांच्या बंक-बेडपैकी वरचा माझ्या वाट्याला येतो. गणवेशाचा शर्ट हँगरवर खिडकीच्या कडीला लावून, फोन उशाशी ठेवून मी पडतो. रात्री तीनला कोणाचा तरी गजर वाजतो आणि सगळे जागे होतात. कित्येक दिवस फोन येतच नाही. मागच्या महिन्यात मी प्रत्यक्ष 22 तास उडालो. पैसे 75 तासांचे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॅप्टन होण्यासाठी विमानकंपनीच्या उड्डाणातले एक हजार तास लागतात आणि हमीचे तास लॉगबुकात लिहिता येत नाहीत. या गतीने मला अजून तीन वर्षे तरी लागतील.

तरीही मी होकार देणार आहे. चार रात्रींचे हॉटेल तुम्हाला क्षुल्लक वाटत असेल. माझ्यासाठी त्या महिन्यातल्या चार पूर्ण झोपा आहेत. करार परत गेला तर पुढचा मसुदा येईपर्यंत वर्ष जाईल, आणि ते वर्ष मला त्या वरच्या बंकवर काढावे लागेल.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

प्रतिसाद 3 वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मीही दीड वर्ष असाच राहिलो आहे.

तरी माझे मत बदलत नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच वर्णनात आहे. 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे उड्डाण क्रमांक 3407 चे विमान कोसळून 50 माणसे गेली. वेग घटून विमान स्टॉल होण्याचा, म्हणजे पंखांची उचल जाण्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने चुकीची प्रतिक्रिया दिली, हे कारण तपासात नोंदले गेले. पण फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून प्रवास करत नेवार्कच्या बेसवर पोचली होती आणि कॅप्टनने रात्र विमानतळावरील क्रू रूममध्ये काढली होती, हेही त्याच तपासात पुढे आले. चार रात्रींचे हॉटेल चांगलेच आहे. मात्र ज्याला बारा तास आधी कळते तो घरी झोपू शकतो, म्हणून खरा उपाय लाँग-कॉल हाच आहे. त्याच ठिकाणी मसुद्यात आकडा नाही, ‘सोय’ आहे, आणि सोय कोणाची हे वेळापत्रक लावणारे ठरवणार.

सक्तीच्या अपग्रेडचेही, म्हणजे कॅप्टनपदावरच्या बढतीचेही तेच. एक हजार तास होताच तुम्ही कॅप्टनांच्या यादीत सर्वांत खाली जाल, कदाचित तिसऱ्याच बेसवर, आणि पुन्हा शॉर्ट-कॉलवर.

प्रतिसाद 1 चे उत्तर

त्या अपघातानंतर जे बदलले ते करारांनी नव्हे, कायद्याने बदलले. 2013 मध्ये फर्स्ट ऑफिसरसाठी उड्डाणाच्या दीड हजार तासांची अट आली, जानेवारी 2014 पासून विश्रांतीचे नवे नियम आले. त्यानुसार कामावर येण्यापूर्वी दहा तासांची विश्रांती द्यावीच लागते आणि शॉर्ट-कॉलचा कालावधी चौदा तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सुरक्षेचा सगळा भार या एका मतदानावर टाकू नये.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

ते नियम महत्त्वाचेच आहेत. पण त्या दहा तासांतले पाच तास कोणी विमानतळावर रिकाम्या जागेची वाट पाहत घालवले, तर नियमाच्या दृष्टीने ती विश्रांतीच ठरते. ही फट फक्त करार बुजवू शकतो.

मसुदा समजावून सांगण्यासाठी युनियनने घेतलेल्या सभेत (रोड शोमध्ये) मी आपल्या प्रतिनिधींना एकच प्रश्न विचारला : लाँग-कॉलसाठी किमान टक्केवारी का नाही? उत्तर मिळाले की समितीने मागितली होती, व्यवस्थापनाने नाकारली आणि शेवटच्या आठवड्यात ती मागणी वेतनाच्या मोबदल्यात सोडून दिली. हे प्रामाणिक उत्तर होते आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण कोणत्या वेतनाच्या मोबदल्यात? ज्याचा निम्मा भाग 90 दिवसांत जाऊ शकतो त्याच. समितीने ती टक्केवारी पुन्हा मागावी, असे पत्र मी लिहीत आहे. निकाल काहीही लागला तरी ते देणार आहे.

प्रतिसाद 3 चे उत्तर

माझे मत होकाराचेच राहील. पत्रावर सही करतो. गुरुवारपर्यंत शॉर्ट-कॉलवर आहे, त्यामुळे दिवसभर क्रॅश-पॅडवरच सापडेन.